राउटरचे पोर्ट संपल्यावर: घरात वायर्ड जोडण्या कशा वाढवायच्या

टीव्ही, डेस्कटॉप, गेमिंग कन्सोल आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर जोडला की घरगुती राउटरच्या मागचे चारही लॅन पोर्ट (घरातली उपकरणे जोडण्याचे) भरतात. काही राउटरना तर दोनच असतात. पाचवे उपकरण आले की मोठा राउटर घ्यावा असे वाटते, पण त्याची गरज नसते. नेटवर्क स्विच नावाचा एक छोटा डबा आणि एक केबल एवढ्यावर काम भागते आणि जोडायला पाच मिनिटे लागतात. अडचणी येतात त्या दोन ठिकाणी: डबा चुकीच्या जागी बसतो किंवा केबल हलकी निघते. जागेची चूक लगेच लक्षात येते. केबलची चूक मात्र महिनोन्‌महिने वेग खात बसते आणि दोष इंटरनेट कंपनीला मिळतो. म्हणून इथे स्विचपेक्षा केबलवर जास्त लिहिले आहे.

आधी मोजणी

पाच पोर्टचा स्विच आणला म्हणून पाच जोडण्या वाढत नाहीत. स्विचचा एक पोर्ट राउटरकडे जाणाऱ्या केबलने अडतो आणि राउटरचाही एक अडतो. चार पोर्टच्या राउटरला पाच पोर्टचा स्विच जोडला, तर राउटरवर तीन आणि स्विचवर चार, असे सात पोर्ट हाती राहतात. म्हणजे वाढ फक्त तीनची. आठ पोर्टच्या स्विचने ही संख्या दहावर जाते. आज दोनच जास्त पोर्ट हवे असले तरी आठचा घ्यावा, कारण टीव्हीच्या कपाटाजवळचा स्विच भरायला फार दिवस लागत नाहीत.

प्रत्येक वस्तूला वायर लागतेच असे नाही. जी उपकरणे जागची हलत नाहीत आणि भरपूर डेटा ओढतात त्यांना आधी वायर द्या: डेस्कटॉप, टीव्ही, कन्सोल, फाइल साठवणीचा नॅस, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणि वायफायचे अ‍ॅक्सेस पॉइंट. प्रिंटर वायफायवर राहिला तरी काही बिघडत नाही. जड उपकरणे वायरवर गेली की उरलेल्या फोन-लॅपटॉपचे वायफायही मोकळे होते.

कोणता स्विच घ्यावा

घरासाठी 'अनमॅनेज्ड' प्रकारचा गिगाबिट स्विच घ्या. त्यात काहीच सेटिंग नसते. वीज दिली आणि केबल लावली की तो चालू होतो. कोणत्या पोर्टवर कोणते उपकरण आहे हे तो येणाऱ्या डेटावरून स्वतःच शिकतो आणि ज्याचा डेटा त्यालाच पोहोचवतो. हब नावाचा जुना प्रकार आलेला डेटा सगळ्याच पोर्टवर फेकतो. तो फुकट मिळाला तरी घेऊ नका.

खोक्यावर १०/१००/१००० लिहिले आहे ना, हे पाहा. फक्त १०/१०० लिहिलेला स्विच म्हणजे 'फास्ट इथरनेट'. नाव फास्ट असले तरी प्रत्यक्षात जेमतेम ९४ एमबीपीएस मिळतात. गिगाबिटवर सुमारे ९४० मिळतात, म्हणजे संगणकावरून नॅसवर फाइल टाकताना सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास. काही स्विचमध्ये एक-दोन पोर्टच गिगाबिट असतात आणि बाकीचे १००चे, तरीही खोक्यावर गिगाबिट हा शब्द ठळक छापलेला असतो. बारीक अक्षरातला तक्ता वाचल्याशिवाय विकत घेऊ नका. २.५ गिगाबिटचा स्विच तेव्हाच उपयोगी पडतो, जेव्हा इंटरनेटचा प्लॅन एक गिगाबिटच्या वर असतो किंवा नॅस आणि संगणक या दोन्हींना २.५चे पोर्ट असतात. दोन्ही टोके त्या वेगाची नसतील तर जोडणी हळू टोकाच्या वेगावरच ठरते.

सेटिंग करता येणाऱ्या मॅनेज्ड स्विचची घरात सहसा गरज पडत नाही. अपवाद आहे तो इंटरनेटवरून थेट वाहिन्या दाखवणाऱ्या सेट-टॉप बॉक्सचा. त्यातल्या काही सेवा मल्टिकास्ट पद्धतीने, म्हणजे एकच प्रवाह अनेकांना एकदम, असे चित्र पाठवतात आणि साधा स्विच तो प्रवाह सगळ्या पोर्टवर सोडतो. वाहिनी लावली की प्रिंटरच्या पोर्टचा दिवाही तडतडायला लागला, तर 'आयजीएमपी स्नूपिंग' (प्रवाह फक्त मागणाऱ्या पोर्टलाच देण्याची सोय) असलेला स्विच शोधा.

कॅमेरे किंवा छतावरचे अ‍ॅक्सेस पॉइंट केबलमधूनच वीज घेणार असतील तर पीओई स्विच लागतो. ८०२.३एएफ या मानकात स्विचकडून एका पोर्टला कमाल १५.४ वॅट निघतात, ८०२.३एटीमध्ये ३० वॅट. पोर्टचा आकडा पाहून भागत नाही, पूर्ण स्विचचे एकूण वॅट किती हेही पाहावे लागते. आठ पोर्ट पीओईचे आणि एकूण क्षमता ६० वॅट असे असेल, तर आठही पोर्टवर १५ वॅटची उपकरणे चालणार नाहीत. 'पॅसिव्ह' पीओईचे इंजेक्टर मात्र समोर काय आहे हे न विचारताच वीज सोडतात. चुकीच्या उपकरणाला लागले तर त्याचा पोर्ट जळू शकतो.

आणखी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट: स्विच, राउटर आणि सेट-टॉप बॉक्स यांच्या अ‍ॅडॅप्टरची पिन बऱ्याचदा सारखीच असते, पण व्होल्टेज वेगळे असते. ५, ९ आणि १२ व्होल्टचे अ‍ॅडॅप्टर एकाच पट्टीवर शेजारी बसतात. पहिल्याच दिवशी प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवा.

स्विचची जागा

क्रम कायम असाच ठेवायचा: इंटरनेटचा मोडेम किंवा फायबरचा डबा, मग राउटरचा वॅन पोर्ट (बाहेरचे इंटरनेट आत घेणारा), राउटरच्या लॅन पोर्टमधून स्विच आणि स्विचमधून उपकरणे. मोडेम आणि राउटर यांच्या मध्ये स्विच बसवू नका. घरातल्या प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता वाटण्याचे आणि बाहेरच्यांना अडवण्याचे काम राउटर करतो. स्विच त्याच्या आधी आला तर त्यावरच्या उपकरणांना एक तर पत्ताच मिळत नाही, नाही तर ती संरक्षणाशिवाय थेट इंटरनेटवर उघडी पडतात. मोडेम आणि राउटर एकाच डब्यात असतील तर हा प्रश्न येत नाही, त्याच्या कोणत्याही लॅन पोर्टला स्विच जोडा.

स्विचचा कोणता पोर्ट राउटरकडे न्यायचा? कोणताही. आजचे स्विच तारांची अदलाबदल स्वतःच ओळखतात, त्यामुळे तारा मुद्दाम अदलाबदल करून जोडलेली क्रॉसओव्हर केबल लागत नाही. फक्त फार जुन्या स्विचवर 'अपलिंक' लिहिलेला पोर्ट दिसला, तर तो आणि त्याच्या शेजारचा पोर्ट हे बऱ्याचदा एकच असतात. दोन्हींत केबल लावली तर एकही नीट चालत नाही.

एका स्विचवरच्या सगळ्या उपकरणांना राउटरपर्यंत एकच केबल वाटून घ्यावी लागते, म्हणजे सगळ्यांना मिळून एक गिगाबिट. इंटरनेटसाठी एवढे पुरते. पण एकाच स्विचवरची दोन उपकरणे आपसात बोलतात तेव्हा त्यांचा डेटा राउटरकडे जातच नाही, त्यांना पूर्ण वेग मिळतो. नॅस आणि ज्या संगणकावरून त्यावर रोज फाइल जातात तो संगणक एकाच स्विचवर ठेवण्यात फायदा आहे तो याच कारणाने. एका स्विचला दुसरा आणि दुसऱ्याला तिसरा अशी साखळी चालते, पण मधला स्विच बंद पडला की पुढचे सगळे बंद. जमेल तिथे प्रत्येक खोलीची केबल एका मध्यवर्ती स्विचकडेच आणा.

आता एक चूक, जी घरभराचे नेटवर्क एका झटक्यात झोपवते: लूप. दोन स्विचच्या मध्ये 'वेग दुप्पट होईल' म्हणून दोन केबल लावणे, किंवा लोंबणारे टोक मोकळ्या पोर्टमध्ये खोचणे आणि ते त्याच स्विचमधून आलेले असणे. सगळ्यांसाठी पाठवलेला संदेश मग गोल गोल फिरत वाढत जातो. साध्या स्विचला तो थांबवता येत नाही. खूण सोपी आहे: सगळे दिवे एकाच वेळी, एकाच तालात, वेड्यासारखे लुकलुकतात आणि वायफायवरचे फोनही बंद पडतात. शेवटी लावलेली केबल काढा, काही सेकंदांत सगळे शांत होते.

जुना राउटर स्विच म्हणून

कपाटात पडलेला जुना राउटर या कामाला चालतो, पण आधी त्याचे लॅन पोर्ट गिगाबिट आहेत का ते पाहा. बरेच जुने राउटर १००चेच असतात. मग पुढील क्रमाने जा.

१. राउटर फॅक्टरी रीसेट करा. मुख्य राउटरला न जोडता, फक्त एक लॅपटॉप केबलने त्याच्या लॅन पोर्टला जोडा आणि त्याचे सेटिंगचे पान उघडा.

२. अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला. वायफाय नको असेल तर बंद करा. हवे असेल तर मुख्य राउटरचेच नाव आणि पासवर्ड द्या, चॅनेल मात्र वेगळा ठेवा.

३. त्याचा लॅन पत्ता बदला. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल आणि तो १९२.१६८.१.१०० पासून पुढचे पत्ते वाटत असेल, तर जुन्याला १९२.१६८.१.२ द्या. पत्ता बदलताच पान तुटते, ते नव्या पत्त्यावर पुन्हा उघडा. उघडले नाही तर केबल एकदा काढून लावा.

४. डीएचसीपी सर्व्हर बंद करा. हे राहिले तर घरात पत्ते वाटणारे दोन जण होतात. मग आज टीव्हीचे इंटरनेट जाते, उद्या लॅपटॉपचे आणि कारण काही केल्या कळत नाही.

५. मुख्य राउटरच्या लॅन पोर्टमधून केबल आणून जुन्याच्याही लॅन पोर्टमध्ये लावा. वॅन पोर्टवर चिकटपट्टी मारून टाका, म्हणजे पुढे कोणी चुकून तिथे केबल लावणार नाही.

काही राउटरमध्ये 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' असतो. तो निवडला की वरची बरीचशी कामे आपोआप होतात.

केबल

स्विच पाच वर्षांनी बदलता येतो, भिंतीतली केबल बदलायला रंगारी बोलवावा लागतो. काटकसर स्विचमध्ये करा.

कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट नेते. कॅट ६ वरून साधारण ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिट जाते आणि कॅट ६ए वरून पूर्ण १०० मीटर. घरात एवढे अंतर नसतेच, म्हणून नवी केबल टाकताना कॅट ६ पुरेशी आहे. भिंतीत आधीच कॅट ५ई असेल तर ती उपटू नका, तिचे काम चांगले चालते. कॅट ७, कॅट ८ अशा मोठ्या आकड्यांनी घरात काही जास्त मिळत नाही. जाड शील्ड केबल (आत धातूचे वेष्टन असलेली) वळवायला त्रासदायक असते आणि शील्डला अर्थिंग नीट दिले नाही तर तिचा उपयोगही होत नाही.

खरा सापळा आहे 'सीसीए' केबलचा, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा. ती दिसते तांब्यासारखी, पण रोध जास्त, वाकवली की आतून तुटते आणि पीओईची वीज तिच्यातून नेली तर तापते. ओळखायची कशी? एक तार सोलून चाकूने खरवडा किंवा टोक कापून पाहा. आत पांढरट चंदेरी दिसले तर ती परत करा. तेवढ्याच लांबीच्या तांब्याच्या केबलपेक्षा ती हातालाही हलकी लागते. आवरणावर 'शुद्ध तांबे' असा स्पष्ट उल्लेख असलेलीच केबल घ्या.

दुसरा भेद एकसंध तारेचा आणि अनेक बारीक तंतूंच्या तारेचा. भिंतीतून किंवा पट्टीतून जाणारी केबल एकसंध तारेची हवी. स्विचपासून उपकरणापर्यंतची, रोज हलणारी पॅच केबल तंतूंची असते. ती कनेक्टर लावलेली तयारच विकत घ्या. एकसंध तारेची केबल टेबलाखाली लोंबती ठेवून रोज वाकवली तर काही महिन्यांत एखादी तार तुटते. गालिच्याखालून जाणाऱ्या चपट्या केबल दिसायला छान, पण त्यांच्या तारा फार बारीक असतात. दोन-तीन मीटरपलीकडे त्या वापरू नका आणि त्यांतून पीओई तर नकोच.

मार्ग आखताना एका जागी एक नव्हे, दोन केबल न्या. मेहनत तेवढीच लागते आणि एक खराब झाली तर दुसरी हाताशी असते. लांबी मोजून प्रत्येक टोकाला अर्धा मीटर जास्त धरा. विजेच्या वायरच्या पाइपमधून नेटवर्क केबल कधीही नेऊ नका. वेगाचा प्रश्न दुय्यम आहे, आवरण घासले गेले तर थेट मेनची वीज उपकरणाच्या पोर्टपर्यंत पोहोचते. समांतर जावे लागले तर २० ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवा आणि ओलांडायचे असेल तर काटकोनात ओलांडा. वळण देताना केबलच्या जाडीच्या चौपटीपेक्षा लहान त्रिज्या नको. ६ मिलिमीटर जाडीला साधारण अडीच सेंटिमीटर. कोपऱ्यात केबल दाबून ठोकलेला खिळा किंवा आवळून बांधलेला प्लॅस्टिकचा टाय आतल्या जोड्यांचा पीळ बिघडवतो. त्यापेक्षा वेल्क्रोची पट्टी बरी. केबल ओढताना अडली तर जोर लावू नका, मागे घ्या आणि पुन्हा सारा. आणि ओढण्याआधीच दोन्ही टोकांवर तोच क्रमांक लिहा. सहा करड्या केबल एकाच पेटीत आल्यावर ओळख पटवण्यात अर्धा दिवस जातो.

टोके बसवणे

भिंतीतल्या केबलला थेट कनेक्टर क्रिम्प करण्यापेक्षा, म्हणजे हत्याराने दाबून बसवण्यापेक्षा, भिंतीवर जॅक आणि मध्यवर्ती जागी छोटे पॅच पॅनेल (अशाच जॅकची एक पट्टी) बसवणे नवख्याला सोपे जाते. तारा रंगांच्या खुणांवर ठेवून पंच टूलने दाबायच्या असतात आणि चूक झाली तर पुन्हा करता येते. कनेक्टर एकदा दाबला की चुकल्यावर कापूनच टाकावा लागतो. क्रिम्प करणार असाल तर कनेक्टर एकसंध तारेसाठीचा आहे की तंतूंच्या, हे पाहून घ्या.

टी५६८बी हा क्रम वापरा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कनेक्टरची खिटी तुमच्यापासून दूर आणि केबल खालून येणारी, अशा स्थितीत पहिली तार डावीकडे येते. टी५६८ए हा क्रमही चालतो, पण घरभर एकच ठेवा. जॅकवर दोन्ही क्रमांचे रंग छापलेले असतात आणि घाईत एका टोकाला ए तर दुसऱ्याला बी होऊन जाते.

जोडीचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. शेजारच्या जोडीचा आवाज आत शिरू न देण्याचे काम तो पीळच करतो. बाहेरचे आवरण कनेक्टरच्या आतपर्यंत गेले पाहिजे, म्हणजे ताण तारांवर न येता आवरणावर येतो.

हिरव्या जोडीमध्ये निळी का शिरते, असा प्रश्न पडतो आणि मग कोणीतरी रंग 'सरळ' एकापुढे एक लावून टाकतो. दोन्ही टोके सारखीच असल्याने साधा टेस्टर आठही दिवे हिरवे दाखवतो. केबल मात्र चालत नाही, किंवा चालली तरी वेग खाली येतो. कारण तिसरी आणि सहावी पिन ही एक जोडी असते. त्यांना वेगवेगळ्या पिळातल्या तारा मिळाल्या की गोंगाट एकमेकांत मिसळतो. टेस्टर तुटलेली तार आणि उलटा क्रम दाखवतो, फुटलेली जोडी नाही. तिथे रंग डोळ्यांनीच तपासावे लागतात.

वायर टाकता येत नसेल तर

खोल्यांत टीव्हीची कोअॅक्स केबल आधीच असेल तर तिच्यातूनच डेटा नेणारी मोका अ‍ॅडॅप्टरची जोडी चांगला पर्याय आहे. मोका २.५ मध्ये गिगाबिटचा वेग सहज मिळतो. विजेच्या वायरमधून डेटा नेणारे पॉवरलाइन अ‍ॅडॅप्टर खोक्यावर छापलेल्या आकड्याच्या जवळपासही जात नाहीत. ते लावायचेच तर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा, सर्ज पट्टीवर किंवा यूपीएसवर नव्हे. दोन इमारतींमध्ये किंवा उघड्या आवारातून जोडणी न्यायची असेल तर फायबर टाका. तांब्याच्या लांब केबलमधून जवळ पडलेल्या विजेचा झटका दोन्ही टोकांची उपकरणे घेऊन जातो.

वेग आणि बिघाड तपासणे

उपकरण जोडल्यावर लगेच लिंकचा वेग पाहा. विंडोजमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये इथरनेटखाली तो दिसतो, लिनक्समध्ये इथटूल ही आज्ञा सांगते. १००० दिसायला हवे. १०० दिसले तर सर्वांत आधी केबल बदलून पाहा, माहीत असलेली चांगली. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. म्हणजे निळ्या किंवा तपकिरी जोडीची एखादी तार सुटली की जोडणी बंद न पडता गुपचूप १००वर उतरते. नारिंगी किंवा हिरवी सुटली तर बहुधा दिवाच लागत नाही. टीव्हीच्या बाबतीत मात्र १०० दिसले म्हणून भिंत फोडू नका. बऱ्याच टीव्हींचा पोर्टच १००चा असतो आणि चित्रासाठी तो पुरतो.

दिवा लागतो पण इंटरनेट नाही, आणि पत्ता १६९.२५४ने सुरू होतो? उपकरणाला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. स्विच राउटरच्या लॅन पोर्टलाच जोडला आहे ना, ती केबल पूर्ण आत गेली आहे ना, हे पाहा. दर काही मिनिटांनी लिंक तुटून परत येत असेल तर खिटी मोडलेला कनेक्टर किंवा नीट न दाबलेला जॅक याकडे आधी संशय धरा, मग स्विचच्या अ‍ॅडॅप्टरकडे.

सगळे ठीक असूनही वेग अडला, तर इंटरनेटच्या वेगचाचणीवर विसंबू नका, तिच्यात बाहेरचा रस्ताही मोजला जातो. घरातल्याच दोन संगणकांवर आयपर्फ३ हा त्यांच्यामधला वेग मोजणारा प्रोग्राम चालवा. ९३०-९४० आले तर वायरिंग निर्दोष आहे. तीनशेच्या घरात अडकत असेल आणि लॅपटॉपला यूएसबीचा इथरनेट अ‍ॅडॅप्टर असेल, तर तो यूएसबी २.० चा आहे का ते बघा. त्या पोर्टची कागदावरची कमालच ४८० एमबीपीएस असते, मग मागे कितीही चांगली केबल असो.